सुईचं टोक

काउंटरपलीकडच्या बाईने रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढला. खट् असा कोरडा आवाज झाला आणि रेनो हौतालाचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीखाली गेला. बाईने त्याला विचारूनच चाप ओढला होता. ‘ओढा की, रिकामंच आहे,’ असं तोच म्हणाला होता, आणि आधी पिस्तूल उघडून, करंगळी आत घालून त्याने ते तिला दाखवलंही होतं. तेवीस वर्षं ह्या बंदुकांच्या दुकानात नोकरीत काढली, दिवसाकाठी असे वीस-पंचवीस खट् कानांवरून जातात. पण त्यातला एखादा मेला नेमका आत शिरतो आणि मग दिवसभर तिथेच ठाण मांडून बसतो. बाई म्हणाली, ‘‘जड वाटतंय जरा.’’ रेनो म्हणाला, ‘‘हलकं घेतलंत तर झटका जास्त बसेल.’’ तोंड बोलत होतं. डोक्यात टॉइवो उभा होता, धाकटा भाऊ, ह्याच काउंटरपलीकडे, अकरा वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, शिकारीचं नारिंगी जाकीट घालून. हरणांचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी तो आपली रायफल परत न्यायला आला होता. तीन आठवडे ती दुकानात पडून होती, कारण टॉइवोला झोप लागत नव्हती, भिंतीतून कुणीतरी बोलतंय असं वाटायचं, आणि त्यानेच एक दिवस ती आणून दिली होती, ‘ठेव रे, घरात नको’ म्हणून. मग म्हणाला, दे आता, शनिवारी मी रानात दिसलो नाही तर सगळे विचारतील. रेनोने दिली. टॉइवोने रिकामा चाप ओढून पाहिला, खट्, म्हणाला, ‘‘चालतेय.’’ आणि रेनो म्हणाला होता, ‘‘मोठ्या शिंगांचा आण. नाहीतर पाडस उचलून आणशील.’’ दोघा भावांचं हे शेवटचं बोलणं. दुसऱ्या दिवशी सकाळी टॉइवोने न्हाणीघराच्या बंद दारावर गोळी झाडली. आत त्याची बायको जेनीन होती. दार फोडून गोळी तिच्या उजव्या खांद्यात घुसली. मग स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून टॉइवोने नळी हनुवटीखाली धरली. पोलीस गेल्यावर ते स्वयंपाकघर रेनोने पुसलं. छत पुसायला शिडी लागली. कॉफीचं यंत्र कुणी बंद केलं नव्हतं, कॉफी करपून तळाला लागली होती, आणि मांजराच्या पावलांचे तांबडे ठसे दिवाणखान्यापर्यंत गेले होते. जेनीन वाचली, हात गेला. दर नाताळात तिचं कार्ड येतं, डाव्या हाताने लिहिलेलं, पहिलीतल्या पोरासारखं वाकडंतिकडं. त्यात ती रेनोला कधी बोल लावत नाही. बरी आहे, एवढंच लिहिते. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

बाई पिस्तूल न घेताच गेली, आणि ती गेली त्याच दारातून घंटा वाजवत व्हर्नर स्कार आत आला. गुरुवारची दुपार. परवा शनिवारी हंगाम उघडत होता. व्हर्नर कशाला आलाय हे रेनोला घंटा वाजतानाच कळलं. व्हर्नरने खनिजाच्या जहाजांवर, इंजिनाच्या खोलीत, तीस वर्षं काढली होती. कानांचे पडदे तिथेच गेले, त्यामुळे तो बोलायचा ते समोरच्या फुटपाथला ऐकू जाईल असं.

‘‘काय म्हाताऱ्या, मेला नाहीस अजून?’’

‘‘तुझ्या आधी कसा मरेन? तुला पुरायला कोण येईल?’’ रेनो म्हणाला, आणि म्हटल्याबरोबर जीभ चावली. तीस वर्षं ते असंच बोलत आले होते. पण मार्चमध्ये व्हर्नरची बायको आल्मा गेली, आणि ऑगस्टमध्ये व्हर्नरने गॅरेजमधल्या फ्रीझरवर पाच गोळ्या झाडल्या. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. आत गेल्या हंगामाचं हरणाचं मांस होतं, आल्माने स्वतः कापून, कागदात गुंडाळून, तारखा घालून ठेवलेलं. चार दिवसांनी मुलगी सोल्वेग आली तेव्हा गॅरेजच्या दाराखालून पाणी वाहत होतं आणि माशा घोंगावत होत्या.

‘‘माझी दे,’’ व्हर्नर म्हणाला.

‘‘काय?’’

‘‘बहिरा मी आहे, तू नाहीस. रायफल दे माझी. तीन महिने झाले. झाली असेल की दुरुस्ती.’’

दुरुस्ती. दुकानाच्या जुन्या मालकाने ही पद्धत घातली, कधी ते कुणाला आठवत नाही. ज्याला आपलीच बंदूक आपल्या घरात नकोशी झाली त्याने ती आणावी, काउंटरवर ठेवावी आणि म्हणावं, बिघडलीय. काय बिघडलंय हे विचारायचं नाही. चापाच्या कडीला दोऱ्याने चिठ्ठी बांधायची, नाव आणि खाली ‘दुरुस्ती’, आणि मागच्या लोखंडी कपाटात ठेवून द्यायची. माणूस मागायला येईल तेव्हा द्यायची. अख्ख्या दुलुथ शहराला ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. झाकली मूठ होती ती. एखादी बायको शेजारणीला म्हणायची, ह्यांची बंदूक दुरुस्तीला दिलीय, आणि शेजारीण दुसऱ्या दिवशी केक घेऊन यायची. सध्या कपाटात बारा होत्या. त्यात बसचालक ओरिनचं पिस्तूल होतं, निळ्या टॉवेलात गुंडाळलेलं. ते आणताना ओरिन बस बाहेर उभी करून आला होता, उतारूंसकट.

‘‘डॉक्टरीण काय म्हणते?’’ रेनोने विचारलं.

‘‘काय म्हणणार? दोन महिन्यांनी नंबर लागला. पडद्यावर दिसते वीस मिनिटं. विचारते, दुःख एक ते दहात किती? म्हटलं बाई, जहाज किती बुडालंय ते आम्ही फुटांत मोजायचो, हे कशात मोजू? तिने काहीतरी लिहून घेतलं. आता पुन्हा नऊ डिसेंबरला.’’

‘‘मग त्यानंतरच ने की.’’

‘‘डिसेंबरात काय, सशांच्या मागे धावू?’’ व्हर्नर पुढे वाकला. त्याने दाढी केली होती, पण गळ्याखाली एक पट्टा तसाच राहिला होता. ‘‘चाळीस वर्षांत एक उघडणं चुकवलं नाही मी. शनिवारी रानातल्या खोपीत मी नसलो तर आठ जणांना आठ कारणं सुचतील. तू म्हणालास, मागशील तेव्हा देईन. म्हणालास की नाही?’’

‘‘म्हणालो.’’

‘‘मग?’’

‘‘दहा मिनिटं दे. पडून होती, तेल घालून देतो.’’

मागच्या खोलीत दिवा लावून रेनोने कपाट उघडलं, व्हर्नरची रायफल बाहेर काढली आणि टेबलाला जोडलेल्या लोखंडी शेगड्याच्या जबड्यात आवळली. मग राग आला. बाहेर जावं, व्हर्नरची मानगूट धरावी आणि काचेच्या कपाटावर त्याचं तोंड आपटावं. त्याचा उजवा हात ह्या शेगड्यात धरावा आणि चाप ओढायचं बोट मुळापासून मोडावं. मग बस नेम धरत. हे चित्र इतकं स्वच्छ आलं, हाडाच्या आवाजासकट, की रेनोला आपलीच भीती वाटली. टॉइवोलाही असंच स्वच्छ दिसलं असेल का, दाराआडचं? दोघे एकाच आईच्या पोटचे. फरक एवढाच की रेनोला भिंतीतून कुणी बोलत नाही, तो स्वतःच स्वतःशी बोलतो. दोन वर्षांपूर्वी राज्याच्या राजधानीत बंदुकांच्या एका कायद्याची सुनावणी झाली तेव्हा इथून बस भरून माणसं विरोध करायला गेली होती, आणि आयुष्यात कधी सभेत न बोललेला रेनो उठून दोन मिनिटं बोलला होता. घरच्यांनी कोर्टात अर्ज केला की न्यायाधीशाने माणसाच्या बंदुका काढून घ्यायच्या, असा तो कायदा. रेनो म्हणाला होता, ज्याने गुन्हा केला नाही त्याच्या वस्तूला हात लावायचा सरकारला काय अधिकार? आज तुम्ही दुःखी माणसाची बंदूक न्याल, उद्या दुःखी माणूस दुःख सांगायचाच बंद होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते त्याला अजूनही पटत होतं, हीच तर पंचाईत होती. ऑगस्टमध्ये सोल्वेग रडत आली, म्हणाली, रेनोकाका, मी अर्ज करू का? तेव्हा त्यानेच सांगितलं होतं, नको पोरी. पोलीस दारात आले की काय होईल सांगता येत नाही, आणि तो तुला जन्मात माफ करणार नाही. माझ्याकडे आणायला सांग, मी बघतो. मी बघतो. इकडे आड, तिकडे विहीर. नाही दिली तर व्हर्नर संध्याकाळपर्यंत शहरभर सांगेल की रेनो दिलेली परत देत नाही, आणि मग पुन्हा कोण आणून देईल? बारा बंदुका आल्या त्या एकाच शब्दावर आल्या होत्या, मागशील तेव्हा देईन. आणि दिली तर. दिली तर पुन्हा शिडी. त्याने बोल्ट, काडतूस आत सारणारा दांडा, बाहेर काढला, उलगडला, आतली सुई मोकळी केली. चाप ओढला की हीच पुढे येऊन काडतुसाच्या बुडावर आदळते. पक्कडीने टोक धरलं. विचार अजून चालूच होता, सोल्वेगला फोन करावा, व्हर्नरला आत बोलवावं, टॉइवोची सगळी गोष्ट सांगावी, खरं तर नुसतं विचारावं, पण हातांनी तेवढ्यात मनगट वळवलं. टक्. तांदळाच्या कणीएवढं टोक मोडून टेबलावर उडालं. ते उचलून त्याने शर्टाच्या खिशात टाकलं, बाकी सगळं होतं तसं जोडलं आणि वरून खरंच तेल घातलं.

व्हर्नरने रायफल हातात घेतली, आत करंगळी घालून पाहिली, छताकडे रोखून चाप ओढला. खट्.

‘‘चालतेय,’’ तो म्हणाला.

टॉइवोचाच शब्द. ह्या वेळी शिंगांचा विनोद त्याने केला नाही. व्हर्नर चिठ्ठी तोडून काउंटरवर ठेवून गेला, आणि रेनो स्वतःला समजावत राहिला की फार तर काय होईल, शनिवारी हरणासमोर उडणार नाही, व्हर्नर शिव्या देत येईल, मी म्हणेन सुई जुनी झाली होती, नवी मागवू, तोवर हंगाम संपेल. रात्री त्याला लागली तशी झोप अकरा वर्षांत लागली नव्हती.

शुक्रवारी दुपारी तीनला दुकानातला फोन वाजला. गर्दी होती, लोक शेवटच्या क्षणी मोजे आणि काडतुसं घेत होते.

‘‘उडाली नाही,’’ पलीकडून व्हर्नर म्हणाला. ओरडून नव्हे. तो हळू बोलू शकतो हे रेनोला माहीतच नव्हतं.

‘‘कुठे आहेस?’’

‘‘वाळूच्या खाणीत. नेम बसवायला आलो होतो.’’

शुक्रवारी सगळेच तिथे नेम बसवायला जातात, त्यात काही विशेष नव्हतं. रेनोला हायसं वाटलं, आणि लगेच काहीतरी खुपलं. मागे दुसऱ्या कुणाच्या गोळीचा आवाज नव्हता. नुसता वारा. ‘‘कुणी आहे का तिथे?’’

‘‘सकाळी होते. गेले.’’

नेम बसवायला जाणारा माणूस वीसचा डबा नेतो. तीन झाडायच्या, कागद बघायचा, दुर्बिणीचा स्क्रू फिरवायचा, पुन्हा तीन. हे व्हर्नरनेच त्याला शिकवलं होतं, रेनो तिशीत असताना. रेनोने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

‘‘व्हर्नर, काडतुसं किती नेलीस?’’

वारा. मग गाडीचं दार करकरल्याचा आवाज.

‘‘व्हर्नर. किती?’’

‘‘एक.’’

मालकाला ‘सोल्वेगला फोन कर, खाणीत ये म्हणावं, मदतीची गाडी पाठवायला सांग’ एवढं बोलून रेनो तसाच ॲप्रनवर निघाला. उतारावरच्या रस्त्यांवर त्याने किती सिग्नल तोडले देव जाणे. व्हर्नर आपल्या गाडीच्या मागच्या फळीवर बसला होता, रायफल मांडीवर आडवी. एक बूट आणि मोजा काढून नीट बाजूला ठेवला होता. लांब नळीच्या बंदुकीचा चाप हाताला पुरत नाही, पायाच्या अंगठ्याने दाबावा लागतो. तो उघडा, पांढरा, म्हातारा पाय बघून रेनो जागीच थांबला.

‘‘तू केलंस?’’

रेनोने खिशातून टोक काढून तळहातावर धरलं. व्हर्नरने ते बराच वेळ पाहिलं, उठला आणि रायफल उलटी धरून तिचा दस्ता रेनोच्या तोंडावर मारला. आतून कडाड् आवाज आला. रेनो वाळूत पडला, तोंडात दात होते, सुटे, आणि गरम पाणी भरल्यासारखं रक्त. ‘‘हलकटा,’’ व्हर्नर वरून म्हणत होता, ‘‘टाळ्या घेतल्यास ना राजधानीत जाऊन? न्यायाधीशाने निदान मला बोलू दिलं असतं. तू मला विचारलंससुद्धा नाहीस. तीस वर्षांत एकदा विचारायचंस, व्हर्नर, मरायचं आहे का रे तुला? मी सांगितलं असतं.’’ त्याने दस्ता पुन्हा उचलला. रेनोने हात वर केले नाहीत. मार, असं त्याला वाटलं, आणि वाटल्यावर फार बरं वाटलं. टॉइवोचा मार, जेनीनच्या हाताचा मार, कुणीतरी एकदाचा द्यायलाच हवा होता, अकरा वर्षं तो त्याचीच वाट बघत होता. दस्ता वरच राहिला. मग व्हर्नर खाली बसला, एक पाय उघडा टाकून, आणि ओकाऱ्या याव्यात तसा रडला. रेनोला बोलता येत नव्हतं. तो सरपटत गेला, व्हर्नरचा मोजा उचलला आणि त्याच्या गार पडलेल्या पायात चढवायला लागला. सोल्वेग आली तेव्हा मोजा अजून चढतच नव्हता.

दोघे एकाच इस्पितळात होते. रेनो तिसऱ्या मजल्यावर, जबडा तारांनी बांधलेला, आणि व्हर्नर सहाव्यावर, मनोरुग्णांच्या विभागात, कुलूपबंद दारामागे, कायद्याने ठेवता येतात तितके तीन दिवस, आणि मग आपल्या मर्जीने आणखी बारा. सोल्वेग एकाच डब्यातलं सूप दोन्हीकडे न्यायची. पहिल्या दिवशी ती रेनोच्या पलंगाशी उभी राहिली आणि बसली नाही.

‘‘रेनोकाका, मी कोर्टात जाते म्हटलं तेव्हा तुम्ही म्हणालात बाबा मला जन्मात माफ करणार नाहीत. आणि हे काय केलंत?’’

रेनोने पाटीवर लिहिलं, जिवंत आहे ना?

‘‘आहे,’’ ती म्हणाली. ‘‘म्हणून तर तुमच्याशी बोलतेय.’’

व्हर्नरने सगळ्यांना सांगितलं. त्याला कोण अडवणार, खरंच सांगत होता. डिसेंबरात रेनो कामावर आला तेव्हा लोक यायला लागले. कुणी भांडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. दुरुस्ती झाली असेल तर नेतो, एवढंच म्हणायचे, आणि रेनोने बंदूक काउंटरवर ठेवली की त्याच्या देखत ती उघडून, सुई उजेडाला धरून तपासायचे. सगळ्या सुया शाबूत होत्या. ओरिननेही निळा टॉवेल सोडला, पिस्तूल पाहिलं, टॉवेल तसाच घडी करून बरोबर नेला. ‘‘वाईट वाटून घेऊ नकोस,’’ तो म्हणाला, ‘‘पण माझी वस्तू मला माहीत असलेली बरी.’’ रेनोला त्या वेळी विचारायचं होतं. तारा निघाल्या होत्या, तोंड उघडत होतं. रांगेत मागे दोन माणसं होती म्हणून त्याने विचारलं नाही. फेब्रुवारीत पेपरातल्या निधनवार्तांत ओरिनचा फोटो आला, बसच्या गणवेशातला. राहत्या घरी, अचानक, असं खाली लिहिलं होतं. इथे तसंच लिहितात. त्या दिवशी रेनोने रिकाम्या कपाटाला आतून फडकं मारलं, खण काढून काढून, आणि मग दार लावून त्यावर डोकं टेकवून उभा राहिला. आपण एक वाचवला की एक मारला हे त्याला कळेना. टॉइवोच्या वेळी निदान उत्तर एकच होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला सरोवरावरचा बर्फ फुटला आणि पहिल्या जहाजाचा भोंगा वाजला. त्या दुपारी व्हर्नर लांब पिशवी घेऊन आत आला. वजन उतरलं होतं. गळा नीट दाढी केलेला होता. दोघे पाच महिने बोलले नव्हते.

‘‘दात बसवलेस का?’’

‘‘खालचे. वरचे बाकी आहेत.’’

‘‘हसू नकोस मग. पोरं घाबरतील.’’ व्हर्नरने रायफल काढून काउंटरवर ठेवली. ‘‘नवी सुई आलीय?’’

‘‘डिसेंबरातच मागवली.’’

‘‘घाल. इथे, माझ्यासमोर.’’

रेनोने काउंटरवरच फडकं पसरलं आणि बोल्ट उलगडला. व्हर्नर प्रत्येक भाग हातात घेऊन बघत होता, जहाजावर बघायचा तसा. नवी सुई बसली, बोल्ट सरकला. व्हर्नरने करंगळीने आत चाचपलं, नळी छताकडे केली. खट्. रेनोचा हात हनुवटीखाली गेला आणि ह्या वेळी व्हर्नरने तो जाताना पाहिला. रायफल त्याने पुढे सरकवली.

‘‘ठेवून घे.’’

रेनोने चिठ्ठी काढली, नाव लिहिलं आणि खाली ‘दु’ काढला, तेवढ्यात व्हर्नरने त्याच्या पेनवर बोट ठेवलं.

‘‘बंदूक ठणठणीत आहे. आत्ताच बघितलीस. आता दर मंगळवारी खरोखर जाऊन बसतो मी तिच्यासमोर, त्या डॉक्टरणीच्या. पडदा नको म्हटलं. परवा आकडा सांगितला तिला.’’

‘‘किती?’’

‘‘सहा.’’ त्याने पेन काढून घेतलं, ‘दु’ खोडला आणि जाड अक्षरांत लिहिलं, मागेन तेव्हा दे. चिठ्ठी फिरवून रेनोसमोर धरली. ‘‘देशील?’’

रेनोने ती वाचली. कपाट मागे उघडं होतं, आतले खण रिकामे.

‘‘आधी विचारीन,’’ तो म्हणाला. तोंडातून हवा गेली, शब्द नीट उमटले नाहीत, म्हणून त्याने पुन्हा, मोठ्याने, बहिऱ्याला ऐकू जाईल असं सांगितलं. ‘‘किती काडतुसं नेतोयस ते आधी विचारीन. मग देईन.’’

व्हर्नरने चिठ्ठीचा दोरा चापाच्या कडीतून ओवला.

‘‘विचार,’’ तो म्हणाला, आणि रेनोला गाठ मारता यावी म्हणून दोऱ्यावर बोट धरलं.